बारा तासांचा दिवस आणि एडीएचडी : आधी कोण थकतो?

जुलै २०२५ मध्ये गुजरात सरकारने वटहुकूम काढून कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेली. सप्टेंबरमध्ये विधानसभेने त्याचे विधेयक मंजूर केले. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली, पण तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ७५ तासांवरून १२५ तासांवर गेली. त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यांसाठी बारा तासांच्या दिवसाला मान्यता दिली.

बमरोली-पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना यात फारसे नवल वाटले नसेल. लूमच्या अनेक खात्यांत बारा तासांची पाळी या बदलाच्या आधीपासून चालत आली आहे. चर्चा झाली ती उत्पादन, मजुरी आणि गुंतवणुकीची. दिवस लांबला की सर्वांत आधी कोण कोलमडतो, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. तो आपल्या घरांशी जोडलेला आहे, म्हणून इथे मांडत आहोत.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, तर तीन गोष्टी दिसतात : अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाबद्दल मन उडणे किंवा कडवट होणे, आणि हातून पूर्वीसारखे काम न होणे. संघटनेने याला आजार म्हटलेले नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. म्हणजे दोष एकट्या माणसात शोधून चालत नाही, कामाची रचनाही पाहावी लागते.

एडीएचडी ही वेगळी गोष्ट. मेंदूची ही जडणघडण लहानपणापासूनची असते, निदानासाठी बाराव्या वर्षाआधीची लक्षणे पाहिली जातात. हल्लीच्या मोबाइलने आणलेले हे नवे खूळ नव्हे. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच अशा अस्थिर अवधानाचे वर्णन केले होते. मोठेपणी धावपळ, उड्या कमी होतात, म्हणून घरच्यांना वाटते की पोरगा सुधारला. पण वेळेचा अंदाज चुकणे, सांगितलेले डोक्यात न टिकणे, कंटाळवाणे काम सुरूच न करता येणे, हे अनेकांत राहते. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे अशा माणसाला वेंधळा, धांदरट, आळशी म्हणतात आणि विषय संपवतात.

यातला खरा हिशेब वेळेचा आहे. समजा, मार्केटमधल्या एका पेढीत दोन मुले चलान आणि ग्रे कापडाच्या ताक्यांची नोंद ठेवतात. पहिला सात वाजता काम संपवून घरी जातो. दुसऱ्याला एडीएचडी आहे. दर फोनला त्याची तंद्री तुटते, आकडा पुन्हा पाहावा लागतो, चूक राहील या धास्तीने तो रात्री घरी बसून सगळे तपासतो. शेठला दोघांचे काम सारखेच दिसते. दुसऱ्याने ते झोप, जेवण आणि सुट्टी खर्चून केलेले असते. अशी माणसे दिवसाच्या कडेला उरलेल्या वेळावर तगून असतात. दिवस दहाचा किंवा बाराचा झाला की तीच कड कापली जाते. मग चुका वाढतात, बोलणी बसतात, अपुऱ्या झोपेने अवधान आणखी ढासळते. शेवटी माणूस नोकरी सोडतो, आणि लोक म्हणतात, ‘याचे कुठेच टिकत नाही.’ लूमवर तर नजर हटल्यावर धागाच तुटेल असे नाही, बोटही जाऊ शकते.

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात गेलेली आपली मुले यातून सुटली असे समजू नये. जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगमध्ये नोकरीला लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. अतिकामामुळे तिचा जीव गेला, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहून म्हटले. कंपनीने ते मान्य केले नाही. तिथे एडीएचडीचा प्रश्न नव्हता. पण निरोगी समजल्या जाणाऱ्या तरुणांवर कामाचा किती भार असू शकतो, यावर देशभर बोलले गेले ते त्या पत्रामुळे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. आठवड्याचे ४८ तासच राहणार असतील, तर चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी, हे काहींना सोयीचे पडेल. मात्र ती सुट्टी खरोखर मिळाली पाहिजे. ओव्हरटाइमला कामगाराची संमती आणि दुप्पट दर लागतो. पण शेठसमोर ‘नको’ म्हणण्याची ताकद किती जणांकडे असते, हे आपण जाणतो.

कायद्याचा आधार अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट अवघड होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाच्या कारवाईकडे भेदभावाच्या दृष्टीने पाहिले. दिशा चांगली आहे, पण खात्यातल्या कामगारापर्यंत ती पोहोचायला वेळ लागेल.

तोवर आपल्या हातात काही आहे. आपल्यातले कितीतरी जण आता स्वतःच खाते, एम्ब्रॉयडरीची मशीन किंवा दुकान चालवतात. तोंडी दहा सूचना देण्यापेक्षा फळ्यावर लिहून देणे, मोठे काम तुकड्यांत देणे, मध्ये दहा मिनिटे उठू देणे, हिशेबासाठी शांत कोपरा देणे, याला पैसा लागत नाही. घरच्यांनी ‘अमक्याचा मुलगा बघ’ ही तुलना थांबवावी.

थकलेला प्रत्येक जण एडीएचडीचा नसतो. नैराश्य, थायरॉइड, झोपेचे विकार यांतही असेच दिसते. इंटरनेटवरची चाचणी भरून निष्कर्ष काढू नये, आणि औषध मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. नवी सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

खानदेशातून आलेल्या पहिल्या पिढीने इथे रात्रपाळ्या करून घरे उभी केली. त्या कष्टांचा मान आहेच. पण पुढच्या पिढीची लायकी ती किती तास उभी राहते यावरून मोजायची का, याचा विचार प्रत्येक घराने करावा.