भाव लिहिलेली चिठ्ठी



बैठकीसाठी हडपसरला गेलो होतो, तेव्हा तिथले एक उघड्यावरचे दुकानसंकुल हिंडून पाहिले. फरशी, कारंजे, झाडांना टांगलेले दिवे. याच भागात एके काळी भाजीपाला पिकायचा. तिथल्या प्रत्येक सदऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर भाव. पटला तर घ्या, नाहीतर चालू लागा. आमचा टोमॅटो मात्र गुलटेकडीला आडत्यापुढे बसतो आणि भाव बोलतो घेणारा.

जमिनीचेही आपण तेच होऊ दिले. दलाल दारात आला, भाव त्यानेच सांगितला, आपण गुंठे मोडले. पैसा गाडीत, लग्नात, निवडणुकीत गेला. आज त्याच जमिनीवरच्या गाळ्यांचे भाडे दुसरा खातो आणि आपले पोर गणवेश घालून गाड्यांना जागा दाखवते. विकू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण भाव कोणी ठरवला?

त्याच हडपसरात मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर एकत्र केले, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले आणि २००० सालाच्या सुमारास स्वतःच नगर उभारायला घेतले. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेडच्या शेतकऱ्यांनी तीच वाट धरली. शहर दारी आले होते हे त्यांचे नशीब, दुष्काळी गावाला हा तोडगा नाही, हे कबूल. पण शहर दारी आलेल्या आमच्या गावांत सख्खे भाऊ अजून बांधावरून कोर्टात आहेत.

शहरालगतच्या गावांनी पुढच्या बैठकीला सातबारा आणि गटनकाशा घेऊन यावे. भावांनी एकाच गाडीतून यावे.