शोक आणि सूड

घरातले माणूस गेले की आपण दहावा-तेरावा करतो आणि इंदूरच्या रीतीप्रमाणे उठावनाही ठेवतो. चार माणसे जमतात, दुःखाला जनांत वाट मिळते. परंतु मृत्यू हत्येने आला असेल, तर हाच जमलेला शोक सूडाची वाट धरू शकतो. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत शोकाच्या नावाखाली हजारो निरपराध शिखांचे बळी घेतले गेले, हे कसे विसरावे?

मग शोकातला संताप गिळून टाकावा काय? बायबलचे उत्तर तसे नाही. तेथे ‘विलापगीत’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि काहींत तर शत्रूला उघड शाप आहेत. स्वतः येशूने लाजराच्या कबरीपाशी अश्रू ढाळले. म्हणजे रडणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. मात्र ती सारी गाऱ्हाणी देवापुढे मांडलेली आहेत. सूड त्याच्यावर सोपवावा, अशी पुढे पौलाचीही शिकवण आहे. संताप बोलावा, पण शस्त्र उचलू नये, असा हा विवेक आहे.

या विवेकाची कसोटी आपल्याच परिसरात लागली. केरळातून आलेल्या भगिनी राणी मारिया या ख्रिस्ती जोगिणी देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात सावकारी पाशात अडकलेल्या गरिबांसाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येताना समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना बसमध्येच भोसकले. पुढे रस्त्याकडेला त्यांनी प्राण सोडला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, भगिनी सेल्मी पॉल यांनी, कारागृहात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठीही त्या कुटुंबाने रदबदली केली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरातच राणी मारियांना ‘धन्य’ ही पदवी जाहीर झाली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. न्यायालयाने आपले काम केले. क्षमा न्यायाच्या आड आली नाही. आणि हत्या व राखी यांच्यामध्ये सात वर्षांचा काळ गेला. क्षमा ही शोकाला दिलेली बगल नव्हे. शोक पुरता भोगल्यावरच ती येते. म्हणून कोणत्याही शोकाकुल कुटुंबाकडे तिची मागणी करण्याचा अधिकार इतरांना नाही.

आपण सांत्वनाला जाणारी माणसे मात्र एवढे करू शकतो: दुःखिताला मनसोक्त रडू द्यावे, त्याचा संताप ऐकून घ्यावा आणि त्यात आपल्या पदरचे तेल ओतू नये. ज्या घरी आपण अश्रू पुसायला जातो, तेथून उठताना कुणाच्या मनात नवे वैर पेरलेले नसावे.