झोपलेल्याला पाणी

उगादी-पाडवा जवळ आला की आमच्या बिदरच्या अंगणात तांबडी लिली दांडा वर काढते. मूळची ती दक्षिण अमेरिकेची. पण जांभ्याच्या निचऱ्याच्या मातीत सुखाने रमली.

कलबुर्गीला बदली झाली तेव्हा आईने चार कंद दिले. तिथल्या काळ्या मातीत ते लावले आणि मायेपोटी रोज पाणी घातले. तीन कुजले! आई म्हणाली, "अरे, झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

उरलेल्या एकासाठी मुरूम, वाळू, शेणखत घालून वाफा उंच केला. आई त्याला कंद म्हणते, कानडी माहेरची आमची सौ. गड्डे. पाणी बेतानेच, यावर मात्र दोघींचे एकमत!

यंदा दांडा आला. आईला फोन केला. म्हणाली, "पिल्लं धरली की एक शेजारी दे."