सुट्या सुरांवर मालकी कोणाची?

व्हिडिओ-गेममधील संगीताची चर्चा या पानावर कशासाठी, असे विचारणारे वाचक असतील. देशापुढचे सारे प्रश्न सुटले म्हणून आता पोरखेळाची काळजी सुरू झाली काय, असेही कोणी म्हणेल. त्यांना नम्रपणे एवढेच सांगावयाचे आहे, की यंत्रमागाचा प्रश्न जसा केवळ कापडाचा नव्हता, तसा हा प्रश्नही केवळ खेळाचा नाही. साधने कोणाच्या हाती, श्रम कोणाचे आणि त्या श्रमांचे फळ कोणाच्या पदरात, हाच जुना सवाल येथे नव्या वेषात उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गेममध्ये वाजणारी धून बहुधा एका वेळी, एका खोलीत वाजवलेली नसते. तालवाद्ये, बास, व्हायोलिनांचा ताफा, गिटार, मानवी आवाज हे स्वतंत्रपणे मुद्रित होतात आणि मग त्यांचे मिश्रण होते. मिश्रणापूर्वीच्या या वाद्यवार किंवा वाद्यसमूहवार भागांना धंद्यात 'स्टेम' म्हणतात. आपण त्यांना सुटे ट्रॅक म्हणू. दुसरीकडे, विकत घेतलेल्या गेममध्ये स्वतःची भर घालणारे हजारो लोक जगभर आहेत. नवे प्रदेश, नवी पात्रे, नव्या कथा रचून ते त्या इतरांना बहुधा फुकट देतात. या उद्योगाला मॉडिंग म्हणतात. या लोकांची मागणी साधी आहे : चित्रे व नकाशे बदलण्याची साधने कंपन्या देतात, तर संगीताचे सुटे ट्रॅकही द्यावेत.

ही मागणी कोणाला चैनीची वाटेल. पण गेमचे संगीत चित्रपटाच्या संगीताप्रमाणे एका दिशेने वाहत नाही. खेळणारा काय करतो यावर ते बदलत असते. लुकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूझ' ही व्यवस्था उभारली आणि १९९१ च्या 'मंकी आयलंड २' मध्ये प्रसंगानुसार संगीत जागच्या जागी वळू लागले. १९९८ च्या 'बँजो-कझूई'मध्ये पात्र पाण्यात शिरले की धून तीच राहते, पण वाद्ये बदलतात. २०१० च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चे बरेचसे संगीत एकाच लयीत बांधलेले आहे, ते अशासाठी की चकमक सुरू होताच त्यावर आणखी वाद्यांचा थर चढावा आणि संपताच उतरावा. म्हणजे सुटेपण हा या संगीताचा प्राणच आहे. ज्याच्या हाती फक्त मिसळलेली धून येते, तो नवा प्रसंग रचू शकेल, पण त्या प्रसंगाला संगीताची साथ देऊ शकणार नाही. संवादाखालचे ढोल त्याला मंद करता येत नाहीत, आणि गिटारच्या जागी दुसरे वाद्य बसवता येत नाही.

मौज अशी, की आरंभी हे सुटे सूर सर्वांच्या हातात होते. निन्टेन्डोच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राला आवाजाच्या पाच वाहिन्या होत्या. कार्ट्रिजमध्ये धून मुद्रित नसे. कोणत्या वाहिनीने कोणता स्वर काढावा याच्या आज्ञा असत, आणि यंत्र त्या तेथल्या तेथे वाजवी. १९८७ मध्ये अमिगा संगणकासाठी कार्स्टेन ओबार्स्की याने जे 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' तयार केले, त्याच्या पठडीतल्या फाइलींत वाद्यांचे नमुने आणि स्वरलिपी दोन्ही उघड असत. एखाद्या पोराने ती फाइल उघडली की रचना कशी बांधली आहे हे त्याला ओळीओळीने दिसे. ती त्याची फुकटची शाळा होती. १९९८ चा 'अनरियल' आणि २००० चा 'ड्यूस एक्स' याच परंपरेतल्या फाइली वापरत. १९९३ च्या 'डूम'चे संगीतही ध्वनिमुद्रित नव्हते. ते स्वरांच्या आज्ञांच्या रूपात होते आणि लोकांनी ते मनसोक्त बदलले.

पुढे सीडी आली, साठवणीची जागा वाढली आणि प्रत्यक्ष वाद्यवृंद गेममध्ये शिरला. ध्वनी समृद्ध झाला, ही प्रगतीच आहे. पण त्याच पावलाने संगीताची शिवण आतून बंद झाली. हे तंत्राने अपरिहार्य केले, असे म्हणणाऱ्यांनी २००५ चा 'गिटार हीरो' आणि २००७ चा 'रॉक बँड' आठवावा. त्यांत खेळणाऱ्याचा स्वर चुकला की तेवढे वाद्य गप्प होते आणि बाकीचे वाजत राहतात. तेव्हा गाणी वाद्यवार सुटी करूनच ते गेम घरोघर पोहोचले. सुटे सूर देता येतात, लक्षावधी प्रतींत देता येतात, हे धंद्यानेच सिद्ध केले. मात्र ते कुलपात दिले गेले. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने असे डिजिटल कुलूप उघडणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. त्यात निदान हक्कभंगाच्या हेतूची अट आहे, एवढेच समाधान.

यावर एक पळवाट सुचवली जाते. आता संगणकच मिसळलेली धून वेगळी करून देतो, मग मालकांच्या दारात उभे कशाला राहायचे? डीझर या कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' नावाचा असा प्रोग्राम खुला केला, हे खरे. त्यानंतर त्याहून सरस प्रोग्रामही आले. पण हे प्रोग्राम अंदाज करतात. गाण्याचे गायन, ड्रम, बास आणि 'इतर' असे ढोबळ भाग ते पाडतात. वाद्यवृंदातल्या सनई-चेलोंचे भवितव्य त्या 'इतर'मध्ये अडकून पडते आणि झांजांचा खरखराट सर्वत्र सांडलेला राहतो. थालीपिठाच्या भाजणीतून बाजरी आणि हरभरा पुन्हा निवडून काढा, असे सांगण्यासारखे हे आहे; आणि धान्याची पोती तर शेजारच्याच कोठारात शिलकीत पडलेली आहेत!

आता श्रमांचा हिशेब मांडू. मॉडिंग करणाऱ्यांमुळे गेमचे आयुष्य वाढते, हे कंपन्या जाणतात. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'वरील हौशी भर म्हणून जन्मला आणि वर्षभरात व्हॉल्व्हच्या मालकीचा माल झाला. 'डोटा'चा जन्म 'वॉरक्राफ्ट ३'च्या हौशी नकाशातला. या अनुभवातून मालकांनी धडा घेतला, पण तो कोणता? एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम'वरील मॉड विकण्याची सोय केली. त्यात मॉड घडवणाऱ्याचा वाटा २५ टक्के होता आणि उरलेले ७५ टक्के या दोन कंपन्यांचे. खेळणाऱ्यांचा संताप इतका उसळला, की ती योजना काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती काढताना ब्लिझार्डने अटच घातली, की तीत कोणी काही घडवले तरी ते ब्लिझार्डचे. कुळाने कसायचे आणि खंड तर द्यायचाच, वर नांगरही मालकाचाच म्हणून कबूल करायचे, असा हा न्याय आहे. जो धंदा लोकांच्या फुकट श्रमांवर आपला हक्क सांगतो, तो त्या श्रमांना लागणारे साधन देताना मात्र मालमत्तेच्या पावित्र्याची पोथी उघडतो. हा दुटप्पीपणा झाला.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो कंपन्यांचा नाही. तो वादकांचा आहे. सुटे ट्रॅक बाहेर पडले तर कोणीही ते उचलून दुसऱ्या कामात वापरील, पुढचे ध्वनिमुद्रण होणारच नाही, आणि आता तर यंत्र ते गिळून आपल्यासारखेच वाजवू लागेल, ही भीती त्यांना वाटते. ती खोटी नाही. अमेरिकेत गेमसाठी आवाज देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ मध्ये जो संप पुकारला आणि सुमारे अकरा महिने चालवला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. संमती आणि मोबदला यांच्या अटी पदरात पाडूनच ते कामावर परतले.

परंतु त्या वादकांनीही विचार करावा. आज सुटे ट्रॅक कोणाच्या कुलपात आहेत? मोठ्या गेममध्ये संगीताचे हक्क करारान्वये बहुधा कंपनीकडे जातात. ज्याने रचले, ज्याने वाजवले, त्याला स्वतःचा सूरही मालकाच्या परवानगीवाचून कोणाला देता येत नाही. उद्या हे सूर यंत्राला विकावयाचे ठरलेच, तर विकणारा तोच कुलूपवाला असेल. आपल्या खोलीत बसून मॉड करणारा पोरगा नव्हे. वादकाचे रक्षण कराराने होते, संघटनेने होते. हौशी माणसाच्या तोंडावर दार बंद केल्याने होत नाही.

आणि सूर मोकळे केले म्हणून कलावंत उपाशी मरतो, हेही अनुभवाला धरून नाही. १९९६ च्या 'क्वेक'ला संगीत देणारा 'नाइन इंच नेल्स'चा ट्रेंट रेझनर याने २००५ मध्ये आपल्या गाण्याचे सुटे ट्रॅक स्वतःहून श्रोत्यांना दिले. २००८ मध्ये त्याने 'घोस्ट्स' हा संग्रह बिनव्यापारी वापरासाठी खुल्या परवान्याखाली काढला; तरीही तो त्या वर्षी ॲमेझॉनवर सर्वाधिक विकला गेलेला एमपी३ अल्बम ठरला. कॅपकॉमने २००८ मध्ये 'स्ट्रीट फायटर'च्या नव्या आवृत्तीचे संगीत जुन्या धुनांची हौशी पुनर्रचना करणाऱ्यांकडूनच घेतले. २०१७ च्या 'सोनिक मेनिया'चा संगीतकार टी लोपेस हा याच हौशी परंपरेतून वर आला. ज्या मातीतून उद्याचे संगीतकार उगवतात, तिच्यावर फरशी घालण्यात कोणाचे हित आहे?

शिवाय, कोठारे चिरकाल टिकतात असे नाही. जून २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधील आवारात आग लागली आणि अनेक मूळ ध्वनिफिती जळाल्या. बाहेरच्या जगाला तिच्या व्याप्तीची कल्पना आली ती २०१९ मध्ये. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. जेथे गेमच उरत नाही, तेथे त्याचे सुटे सूर कोण सांभाळणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जी कंपनी मॉडिंगची साधने देते, तिने आपल्या मालकीच्या संगीताचे सुटे ट्रॅकही त्यांसोबत द्यावेत. परवाना बिनव्यापारी वापराचा असावा, संगीतकार व वादक यांचा नामनिर्देश सक्तीचा असावा आणि यंत्रांना ते खाऊ घालण्यास स्पष्ट मनाई असावी. त्यातून पैसा निर्माण झालाच, तर त्यात वादकांचा वाटा करारातच ठरलेला असावा. चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा सोडून न देता येणारा हक्क आपल्या संसदेने २०१२ मध्ये दिला. त्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते. आणि गेम विक्रीतून काढला, की त्याचे सुटे सूर सार्वजनिक संग्रहालयाच्या स्वाधीन व्हावेत.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे मानून आपण स्वस्थ बसू नये. पुण्यात घडलेला 'राजी' २०२० मध्ये जगभर गेला. पुण्या-मुंबईत गेम घडवणारे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्याकडची तरुण मुले सूर जुळवीत आहेत. त्यांच्यापुढे जो छापील करार येतो, त्यावर सही करण्यापूर्वी त्यांनी एक ओळ शोधावी : माझ्या सुट्या सुरांवर उद्या माझा आणि ऐकणाऱ्यांचा काही अधिकार उरणार आहे काय? ती ओळ सापडली नाही, तर एकट्याने मागून ती मिळणार नाही. ती संघटितपणेच मागावी लागेल.