न चाखता दिलेले मत

दिवाळी अंकात बिअरचा विषय निघालेला पाहून काही वाचकभगिनी हातातली चकली ताटात ठेवून माझ्याकडे रागाने पाहतील, याची मला कल्पना आहे. त्यांना आधीच सांगून टाकतो की, मी बिअरचा थेंबही कधी चाखलेला नाही. बावीस वर्षे मुलांना मराठी शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी एक मास्तर. चहा हेच माझे मोठ्यात मोठे व्यसन. आणि तरीसुद्धा अमेरिकेतल्या एका बिअरला उत्कृष्ट ठरवण्यात माझा हात आहे! हे असे होऊ शकते, हीच माझी तक्रार आहे.

त्याचे झाले असे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी मिशिगन राज्यात नोकरीला आहे. मुलगा मोठा गुणी, फक्त ऱ्हस्वदीर्घात कच्चा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याचा निरोप आला : "सर, आमच्याकडे छोट्या छोट्या ब्रुअरींची मैत्रीची स्पर्धा चालली आहे. निकाल लोकांच्या मतांवर आहे. आमच्या गावच्या बिअरला तुमचे एक मत द्या ना." मी त्याला कळवले, "अरे, मी ती डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही." त्याचे उत्तर तत्काळ आले, "सर, तसे काही विचारत नाहीत."

आणि खरोखरच कोणी विचारले नाही. ओसरीवर बसल्या बसल्या मी मोबाईलवर बोट टेकवले आणि माझे मत सातासमुद्रापलीकडे जाऊन पोचले. आता त्या गावातला कोणी रसिक ब्रुअरीच्या बाकावर बसला असेल, त्याने पेला उजेडात धरून रंग पाहिला असेल, दोन घोट घेऊन शेजाऱ्याशी हुज्जत घातली असेल आणि मग विचार करून दुसऱ्याच एखाद्या बिअरला मत दिले असेल. त्या बिचाऱ्याचे मत मी येथे बसून, तोंडात सुपारी असताना, खोडून काढले. दोघांचीही किंमत एकच भरली.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "गंमत आहे हो मास्तर, मैत्रीची स्पर्धा! तुम्ही एवढे का मनावर घेता?" हल्ली कोणत्याही गोष्टीवर पांघरूण घालायचे झाले की तिला गंमत म्हणतात. गंमतच असेल तर निकाल लागल्यावर ती संपावयास हवी. परंतु निकाल लागला की तोच बाटलीवर छापला जातो, 'लोकांनी निवडलेली' म्हणून दुकानात मांडला जातो आणि न जिंकलेल्या शेजाऱ्याच्या पोटावर पाय येतो. हा शेजारी बहुधा पाचसहा माणसांचे बिऱ्हाड चालवणारा छोटा कारागीर असतो. बिअर करणे हे कष्टाचे काम आहे. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना बायका नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात. तसेच तिकडे जवाचे करतात. त्या मोडाच्या जवाचा काढा करायचा, हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी त्याला कडूपणा आणायचा, मग यीस्ट घालून दिवसेंदिवस थंडउष्ण सांभाळीत बसायचे. एका घाणीला उणेअधिक झाले तर सगळा माल ओतून द्यावा लागतो. एवढे करून ज्याची बिअर उतरली, त्याने आपल्या चुलतमावस भावंडांचे मोबाईल गोळा करीत हिंडावे, अशी ही मैत्री आहे.

हे आजचे खूळ आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेतल्या या छोट्या ब्रुअरींच्या चळवळीत चार्ली पापाझियन हे नाव फार मोठे. गृहस्थ अणुशास्त्राच्या अभियांत्रिकीचा पदवीधर, पण कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावी जाऊन लहान मुलांच्या शाळेत मास्तर झाला. दिवसा मुलांना शिकवी आणि संध्याकाळी मोठ्यांना घरी बिअर कशी करावी ते शिकवी. (आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांना हे कळले असते तर काय झाले असते, ही कल्पनाच करवत नाही.) त्या देशात घरगुती बिअर करण्याला १९७८ साली कायद्याने मोकळीक मिळाली, आणि १९८२ साली पापाझियनने बोल्डरला देशभरच्या बिअरची एक जत्रा भरवली. पुढे ती डेन्व्हर शहरात गेली. या जत्रेत सुरुवातीला लोकांचाच कौल घेत. आलेल्यांनी हिंडावे, चाखावे आणि आवडीला मत द्यावे.

१९८५ साली या कौलात सॅम्युएल अॅडम्स बॉस्टन लागर ही बिअर पहिली आली. ती बाजारात येऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते. लागलीच जाहिरात झाली की, ही अमेरिकेतली सर्वांत उत्तम बिअर. एका जत्रेला आलेल्या माणसांची आवड. तिचा एका रात्रीत देशाचा निर्णय झाला! आणखी मौज अशी की, नावात बॉस्टन असले तरी ती त्या काळी करून घेतली जात होती शेकडो मैल दूर पिट्सबर्गला, दुसऱ्याच्या कारखान्यात. मी त्या बिअरला वाईट म्हणत नाही, म्हणण्याचा मला अधिकारच नाही. पण इतर ब्रुअरीवाल्यांनी कुरकुर सुरू केली की, मते चवीला मिळाली की खटपटीला? त्या कुरकुरीचे उत्तर मतांच्या आकड्यात सापडणे शक्यच नव्हते. १९८७ पासून त्या जत्रेत जाणकारांची परीक्षा सुरू झाली. पेल्यांवर नाव नाही, परीक्षकाला कोणाची बिअर ते ठाऊक नाही. लोकांचा कौल पुढे काही वर्षांत बंदच झाला.

आता येथे माझ्यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. मास्तर, लोकांच्या कौलाने लहानांचे भलेही होते. होते ना! त्याच पापाझियनने २००९ साली बिअरचे शहर कोणते याचा एक कौल इंटरनेटवर घेतला. पोर्टलंड हे त्या धंद्यातले मातब्बर शहर, लोकवस्ती साडेपाच लाखांच्या वर. त्याच्या बरोबरीने मते मिळाली नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या अॅशव्हिलला, ज्याची वस्ती एक लाखसुद्धा नाही. पुढची दोन वर्षे अॅशव्हिलच पहिले आले, २०१२ साली मिशिगनमधले ग्रँड रॅपिड्स त्याच्या बरोबरीला आले आणि २०१३ साली ग्रँड रॅपिड्सने बाजी मारली. नंतर तो कौल झाला नाही. या कौलामुळे अॅशव्हिलचे नाव देशभर झाले. त्या डोंगरातल्या माणसांना केवढी उभारी आली असेल हे मला, तालुक्याच्या गावी आयुष्य काढलेल्या माणसाला, चांगले कळते. आपल्या गावाचे नाव मोठ्या शहराच्या वर लागलेले पाहून डोळ्यांत पाणी येते. येऊ द्यावे! पण तेथे कोणती बिअर चांगली हे ठरले काय? आपल्या गावावर कोणाचे किती प्रेम आहे, एवढेच मोजले गेले. गावप्रेमाची मोजणी खुशाल करा, तसे पाटीवर लिहा, म्हणजे माझे भांडण मिटले. पण गावप्रेम मोजून त्याला चवीचे प्रशस्तिपत्र म्हणून विकू नका.

मी सोवळा आहे असेही नाही. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने वाचकांच्या आवडत्या कादंबऱ्यांचा कौल मागवला होता. त्यात माझ्या एका कादंबरीचा दुसरा क्रमांक आला. गावात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. ती मते कोठून आली हे मला ठाऊक होते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी एकमेकांना निरोप धाडून ती गोळा केली होती. त्यांतल्या एकाला मी सहज विचारले, "शेवट कसा वाटला रे?" त्याने फार प्रेमाने सांगितले, "सर, अजून वाचायची आहे." ती शाल मी अजून वापरतो, थंडीत उपयोगी पडते. पण त्या यादीत माझ्या खाली जिचे नाव होते ती कादंबरी मी वाचलेली होती, आणि ती माझ्या कादंबरीपेक्षा चांगली होती. हे मी त्या वेळी कोठेही बोललो नाही. आज बोलतो आहे.

दारूच्या संबंधातले एक मतदान मात्र मी पाहिले आहे, आणि ते आठवले की या मैत्रीच्या स्पर्धांचा मला अधिकच राग येतो. आपल्या महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करावयाचे असेल तर गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी तशी मागणी करावी लागते. मग मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवे असेल तर उभी, नको असेल तर आडवी. आणि नियम असा कडक की, आलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मिळून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. जी बाई घरी राहिली ती दुकानाच्याच बाजूने मोजली गेली असे समजा.

आमच्या जवळच्या एका गावी असे मतदान होते. शाळेच्या खोल्या त्यासाठी घेतल्या होत्या म्हणून मी तेथे होतो. सुगीचे दिवस. बायका मजुरी बुडवून आल्या होत्या. काहींना घरून दम मिळाला होता, हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होते. समोर निंबाखाली पुरुषमंडळी बसलेली, कोण कोण येते ते पाहत. एक म्हातारी नातीचा हात धरून आली. तिला रांगेत पुढे जा म्हटले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, इतकी वर्सं उभी बाटली बघितली, आता घटकाभर मीच उभी ऱ्हाते." त्या बाईने बाटलीतला थेंब चाखला नसेल. पण बाटलीतून जे बाहेर येते ते तिने आयुष्यभर भोगले होते. तिचे मत आणि ओसरीवर बसून मी दिलेले मत, या दोहोंनाही आपल्या भाषेत एकच शब्द असावा याची मला लाज वाटते.

मग स्पर्धा घेऊच नयेत काय? जरूर घ्याव्यात. आपल्याकडेही २००९ साली पुण्यात डूलालीने छोटी ब्रुअरी काढली, आणि तेव्हापासून अशा जागा वाढत गेल्या आहेत. उद्या येथेही कौल लागतील, आणि बिअरचे जाऊ द्या, मिसळीचे तर लागतातच. माझे मागणे थोडे आहे. मत मागायचे तर पेला हातात द्या. पेल्यावर नाव नको, नुसता आकडा हवा. आणि सतराव्या पेल्यानंतर दिलेले मत धरू नये, कारण त्या वेळी माणसाला शत्रूसुद्धा आवडू लागतो असे अनुभवी लोक सांगतात. सगळे जाणकारांच्या हाती सोपवा असेही मी म्हणत नाही. वाङ्मयाच्या परीक्षक मंडळांवर मी बसलो आहे. जाणकार तेथे कशाकशाने झुकतात ते मला माहीत आहे. सामान्य माणसाची जीभ मला परीक्षकाच्या जिभेइतकीच मान्य आहे. फक्त ती त्या पदार्थाला लागलेली असावी.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ अशी दोन शहरे आहेत, सुमारे चाळीस किलोमीटरवर. कोलोनची कोल्श नावाची बिअर फिकट सोनेरी, ड्युसेलडॉर्फची आल्ट तांबूस काळपट. दोन्ही शहरांची जुनी चुरस. एका शहरात बसून दुसऱ्याची बिअर मागणे म्हणजे कोल्हापुरात जाऊन पुणेरी मिसळीची चौकशी करण्यासारखे. कोलोनच्या ब्रुअरींनी १९८६ साली करार करून कोल्श हे नाव आपल्या परिसरापुरते राखले, आणि १९९७ साली युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिले. तेथे वाढपी पाव लिटरपेक्षाही लहान, सरळ उभ्या पेल्यात बिअर आणून ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा आणतो, दुसरी रेघ ओढतो. पुरे झाले की गिऱ्हाइकाने ती चकती पेल्यावर झाकण म्हणून ठेवायची. उठताना रेघा मोजून पैसे द्यायचे. रात्री त्या चकत्यांवरच्या रेघा मोजल्या तर कोणाची बिअर लोकांना किती आवडली ते समजते, आणि त्या मोजणीत मला किंवा माझ्या ओसरीला शिरायला जागा नाही.

यंदा दसऱ्यानंतर त्या विद्यार्थ्याचा पुन्हा निरोप आला. स्पर्धा आहे, सर, विसरू नका. मी त्याला लांबलचक पत्र लिहिण्याच्या तयारीत होतो. वर जे लिहिले ते सगळे त्यात यायचे होते. एवढ्यात आमच्या घरातून आवाज आला, "त्याचं काय ते मत ना? मी देऊन टाकलं परवाच. त्याची आई करंज्या घेऊन आली होती, तिला नाही कसं म्हणायचं?"