‘फक्त वाफ आहे’ म्हणण्याआधी

लिफ्टमध्ये शिरल्याशिरल्या आंब्याचा वास आला आणि महिना डिसेंबरचा असेल, तर कुणाच्या पिशवीत हापूस नाही हे आपल्याला आता लगेच कळतं. अंधेरीतला कॅफे असो, बोरिवलीतल्या सोसायटीची गच्ची असो, मुलुंडला क्लास सुटल्यावरचा कट्टा असो, की घाटकोपर स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा; वेप सगळीकडे पोचलाय. दिसायला पेनड्राइव्ह नाहीतर हायलायटर. कुणी भुवया उंचावल्याच तर उत्तर तयार असतं, ‘अगं, धूर नाहीये, फक्त वाफ आहे!’

परवा आमच्या पानाच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, चारचौघांत वेप ओढण्याचे काही मॅनर्स असतात का? मला वाटलं, सोपंय. तोंडावर वाफ सोडू नका, आधी विचारा, लहान मुलं असतील तर लांब जा. पाच मुद्दे, एक चौकट, झालं काम. मग म्हटलं, लिहिण्याआधी कायदा तरी वाचूया. तो वाचताना मला माझीच मागच्या वर्षीची एक संध्याकाळ आठवली आणि पोटात गोळा आला.

तेव्हा मी इंटर्नशिपसाठी अंधेरीला जायचे. मुलुंडच्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, ‘तू तिकडेच आहेस ना, एका टपरीवरून माझं पार्सल आणशील? पैसे दिलेत.’ पार्सलमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. मी आणलं. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो लोकलने मुलुंड. मैत्रिणीला फरसाण नेऊन द्यावं, तितक्या सहज. आपण काही चुकीचं करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. मी स्वतः ओढत नाही, मग माझा काय संबंध?

संबंध होता. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर बंदी आणणारा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. वाहतूक आणि वितरण हे शब्द पुन्हा वाचा. वितरण म्हणजे पैसे घेऊनच, असंही नाही. फुकट दिलेलं सॅम्पलसुद्धा त्यात धरलंय. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आपल्या ताब्यातली जागा जाणूनबुजून साठ्यासाठी वापरू दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘बॉक्स दोन दिवस तुझ्या पीजीवर ठेव ना’ ही मैत्रीखातर केलेली मदतसुद्धा महागात पडू शकते. जाहिरातीच्या व्याख्येत सोशल मीडियाही आहे. ‘नवे फ्लेवर आलेत, डीएम करा’ अशी स्टोरी टाकणारा आपल्यातलाच एखादा सेकंड इयरवाला स्वतःला बिझनेसमन समजत असतो. कायदा त्याला वेगळं नाव देतो.

मग सगळे बिनधास्त ओढतात कसे? त्याचं उत्तरही याच कायद्यात आहे. त्याच्या शिक्षेच्या कलमांत झुरका घेणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. त्यावरून कट्ट्यावर निष्कर्ष निघाला, ‘विकणं गुन्हा, ओढणं नाही.’ आरोग्य मंत्रालयाची भूमिका मात्र कडक आहे. ई-सिगारेट कुठल्याही स्वरूपात जवळ बाळगणं हेही कायद्याचं उल्लंघन, असं ते सांगतं. वकिलांना यावर वाद घालू दे. आपल्यापुरता साधा प्रश्न असा आहे की जी वस्तू या देशात कुणीही कायदेशीरपणे विकू शकत नाही, ती तुमच्या हातात आली कशी? तुमच्या एका झुरक्यासाठी दुसऱ्या कुणीतरी गुन्हा केलेला असतो. कधी तो टपरीवाला असतो, कधी अंधेरीहून मुलुंडला जाणारी मैत्रीण.

इथे हमखास येणारा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो मीही विचारलाय. ‘कोपऱ्याकोपऱ्यावर सिगारेट मिळते, ती चालते. आणि ही तेवढी वाईट?’ प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू बघणाऱ्या प्रौढांना तिथली आरोग्य यंत्रणाच वेपचा पर्याय सुचवते. पण त्याच ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालच्यांना वेप विकता येत नाही आणि १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्याकडे आयसीएमआरने २०१९च्या मे महिन्यात पूर्ण बंदीची शिफारस केली. त्यामागची एक काळजी अशी की ज्यांनी कधी सिगारेटला हात लावला नाही, ती मुलंही यातून निकोटिनकडे वळतील. आता प्रामाणिकपणे तुमचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. त्यातले किती जण सिगारेट सोडण्यासाठी वेपकडे वळलेत आणि किती जणांनी वेपपासूनच सुरुवात केलीय? माझ्या ग्रुपचं उत्तर मला माहितीय. कायदा दुटप्पी वाटत असेल तर त्यावर जरूर भांडा, लेख लिहा, डिबेटमध्ये विषय घ्या. पण लिफ्टमधल्या आजींना त्या भांडणात ओढू नका.

आता त्या ‘फक्त वाफे’बद्दल. चहाच्या पातेल्यावर दिसते ती वाफ ही नव्हे. वेपमधलं द्रव्य सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन मिळून बनतं. ते तापलं की अतिसूक्ष्म कणांचा फवारा तयार होतो. सिगारेटच्या धुरापेक्षा त्यात विषारी घटक कमी असतात, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही. शेजारी दम्याचा पेशंट उभा असेल तर ‘तुलनेने कमी’ हा हिशेब त्याच्या काय कामाचा? आणि निकोटिनची सवय लागायला आंब्याचा फ्लेवर आडवा येत नाही. उलट, तो वाट सोपी करतो.

दुसऱ्याच्या श्वासाचा हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली होती ती मुंबईच्याच मुरली देवरा यांनी. २ नोव्हेंबर २००१ रोजी कोर्टाने हॉस्पिटलं, शाळा-कॉलेजं, लायब्ररी, सभागृहं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. मुद्दा सरळ होता, जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराची शिक्षा का भोगायची? पुढे २००३मध्ये तंबाखू नियंत्रण कायदा आला, म्हणजे तो जवळजवळ माझ्याच वयाचा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले, २०० रुपयांपर्यंत दंडासह. आईबाबांच्या पिढीने धुराने भरलेली हॉटेलं आणि ऑफिसं पाहिलीत. आपल्याला स्वच्छ हवा फुकटात मिळाली, म्हणून तिची किंमत कळत नाही, एवढंच.

रेल्वे कायद्यातलं एक कलम मला फार आवडलं. १९८९च्या या कायद्याचं कलम १६७ म्हणतं की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर तिथे धूम्रपान करता येणार नाही. एका माणसाची हरकत पुरेशी आहे. बहुमत लागत नाही. कलम धूम्रपानाचं आहे, पण मॅनर्सची यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडली नाही.

तेव्हा पाच मुद्दे मी देतेच, फक्त ते मीटिंगमध्ये ठरले होते ते नाहीत.

पहिला, कुणासाठीही पार्सल आणू नका, ठेवू नका, पुढे पाठवू नका. ‘सॉरी यार, हे नाही जमणार’ एवढं पुरतं. मी तेव्हा हे म्हणायला हवं होतं.

दुसरा, बंद जागेत नाहीच. लिफ्ट, रिक्षा, एसी लोकल, कॉलेजचं वॉशरूम, नाट्यगृह. इथे ‘चालेल का?’ असं विचारणंही मॅनर्समध्ये बसत नाही, कारण समोरचा बहुतेक वेळा भिडेखातर ‘हो’ म्हणतो. ज्युनियर सीनियरला नाही म्हणेल? इंटर्न बॉसला?

तिसरा, ‘एक ट्राय तर कर’ हे वाक्य बंद करा. फेस्टच्या रात्री फर्स्ट इयरच्या पोरांच्या हातात वेप देणं म्हणजे दिलदारी नाही.

चौथा, त्रास होत असेल तर बोला. भांडण नको, भाषण नको. ‘दादा, जरा बंद करता का, मला खोकला येतोय.’ एकदा मी लोकलमध्ये असं बोलून पाहिलं. तो मुलगा ओशाळला आणि त्याने खिशात टाकला. बाजूच्या काकू मला म्हणाल्या, ‘बरं झालं बोललीस, मी कांजूरपासून श्वास धरून बसलेय.’ तोवर डब्यातलं कुणीच बोललं नव्हतं.

पाचवा, सोडायचं असेल तर एकट्याने झुंजू नका. १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन टोल फ्री आहे. आणि संपलेला वेप कचऱ्याच्या डब्यात फेकू नका. त्यात लिथियमची बॅटरी असते, ती ई-कचऱ्यात जायला हवी. आपली हौस संपल्यावर ती सफाई कामगाराच्या हातात पेटू नये.

मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मला वाटलं होतं मी फक्त माझंच नुकसान करतेय.’ तिने सोडलाय का, मी विचारलं नाही. पण पार्सलचा मेसेज पुन्हा आला नाही, आणि आला तर काय उत्तर द्यायचं हे मला आता पक्कं माहीत आहे. तुम्हालाही असावं, म्हणून हे लिहिलं.