पुन्हा पहिल्या वर्षात

नोकरीपाणी : साप्ताहिक सदर

जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या जनरल नर्सिंगच्या पदविकेला प्रवेश हवा असेल तर वय 35 च्या आत असावं, असं भारतीय परिचर्या परिषदेचा नियम सांगतो. त्याला लागूनच एक सवलत आहे: एएनएम (मदतनीस परिचारिका) आणि एलएचव्ही (आरोग्य सहाय्यिका) यांना वयाची अट नाही. चाळिशीची, दोन लेकरांची आई असलेली, पंधरा वर्षं बाळंतपणं आणि लसीकरण करत आलेली एएनएम उद्या पुन्हा शिकायला येऊ शकते, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. ती आल्यावर तिला कुठल्या वर्षात बसवायचं, याचा विचार मात्र कुणी केला नाही. मग ती बसते पहिल्या वर्षात, नुकतीच बारावी झालेल्या मुलीशेजारी, आणि ताप कसा मोजावा, बीपी कसं घ्यावं, पलंगावरची चादर कशी बदलावी हे धडे नव्याने गिरवते.

जबलपूरच्या गोरखपूर भागात हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. हे गोरखपूर उत्तर प्रदेशातलं नव्हे. मदन महल स्टेशनच्या अलीकडचा, गुरुद्वाऱ्याचा आणि गजबजलेल्या बाजाराचा हा भाग. इथल्या हाऊबाग स्टेशनावर गोंदियाची नॅरोगेज गाडी वर्षानुवर्षं येत होती आणि त्या गाडीने मराठी माणसंही येत होती. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूरला होती. नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आली, पण गोंदिया, भंडारा, बालाघाटकडच्या लेकी अजूनही इकडे सुना म्हणून येतात. त्यातल्या कुणाच्या हातात एएनएमचं प्रमाणपत्र असतं. शहरात ‘मेडिकल’ आहे, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. विक्टोरिया आहे, एल्गिन आहे, रेल्वेचा दवाखाना आहे आणि गल्लोगल्ली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम. काम मिळायला वेळ लागत नाही. पुढे सरकायला लागतो.

एएनएम ही मुळात वॉर्डासाठी घडवलेली नर्स नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालानंतर खेड्यापाड्यांत आरोग्यसेवा न्यायची ठरली, तेव्हा पूर्ण शिकलेल्या नर्स पुरेनात. म्हणून कमी मुदतीचं प्रशिक्षण घेतलेली मदतनीस परिचारिका तयार करायचं ठरलं आणि 1951 मध्ये पंजाबात हा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे तो दहावीनंतर दीड वर्षाचा झाला, आता बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. सामाजिक आरोग्य, माता-बालसंगोपन, प्रसूती, उपकेंद्राचं कामकाज हा त्याचा गाभा. सरकारच्या लेखी ही बाई उपकेंद्रात बसते, गावात फिरते, लसी देते, गरोदर बायांची नोंद ठेवते.

बाजाराने तिला वेगळ्या कामाला लावलं. शहरातल्या छोट्या खासगी दवाखान्यात ती सलाईन लावते, इंजेक्शनं देते, ऑपरेशनहून आलेल्या रुग्णाच्या उशाशी रात्र काढते आणि सकाळी हँडओव्हर देऊन घरी जाते. शेजारच्या पलंगावर जीएनएम झालेली मुलगी हेच करत असते. रुग्णाला दोघी सारख्याच ‘सिस्टर’. फरक पगारात दिसतो. केंद्र सरकारच्या सेवेत नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार 44,900 रुपयांपासून सुरू होतो, एएनएम त्या तक्त्यात बरीच खाली आहे. खासगीत तर तक्ताच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती अमलात आणायचं काम राज्यांवर सोपवलं गेलं. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये या शिफारशीची आठवण कोण कुणाला करून देणार?

शिडीच नाही असं नव्हे. सरकारी सेवेतली एएनएम काही वर्षांनी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन एलएचव्ही, म्हणजे आरोग्य सहाय्यिका होते. ही वाट गावाकडेच राहते, रुग्णालयाच्या वॉर्डाकडे वळत नाही. जीएनएम झालेल्या नर्सची वाट मोकळी आहे. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की ती बीएस्सी नर्सिंगची पदवीधर होते, पुढे एमएस्सी. तिच्यासाठी नोकरी न सोडता शिकायची सोयसुद्धा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने 1994 पासून पोस्ट बेसिक बीएस्सी दूरशिक्षणाने सुरू केलं. मुदत तीन वर्षं. अट अशी की नोंदणी झालेली नर्स हवी आणि बारावीनंतर जीएनएम केलेलं असेल तर किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. दहावीवर जीएनएम झालेली जुनी सिस्टर असेल तर पाच वर्षांचा.

म्हणजे अनुभव मोजता येतो, हे या देशात 30 वर्षांपूर्वीच मान्य झालं आहे. वरच्या पायरीवर तो मोजला जातो. खालच्या पायरीवर, जिथे गरज सर्वांत जास्त आहे, तिथे त्याचं मोल शून्य.

अभ्यासक्रम समोरासमोर ठेवले तर हे किती अडाणीपणाचं आहे ते दिसतं. जीएनएममध्ये शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वं, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, मानसिक आरोग्य, बालरोग, प्रसूती, सामाजिक आरोग्य, वॉर्डाचं व्यवस्थापन असं सगळं येतं. यातलं सामाजिक आरोग्य एएनएमने वर्गात शिकलेलं असतं आणि गावात जगलेलं असतं. प्रसूती तिच्या हातात बसलेली असते. बालसंगोपनाचा मोठा भाग, प्रथमोपचार, परिचर्येची मूलतत्त्वंही तिला नवी नाहीत. मेडिकल-सर्जिकल मात्र तिला खोलात शिकायलाच हवं. हृदयविकाराचा रुग्ण, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, औषधांचे परस्पर परिणाम, मानसिक रुग्णाची शुश्रूषा यांत ती कच्ची असते आणि ते तीही मान्य करेल. शिकवायचं ते हे. तीन वर्षांतलं निदान एक वर्ष जे येतं त्याच्या उजळणीत जातं.

त्या एका वर्षाची किंमत रजेच्या हिशेबात कळते. केंद्राच्या रजा-नियमांनुसार पाच वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला साऱ्या नोकरीत मिळून 24 महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते. पोस्ट बेसिक दोन वर्षांचं, ते या रजेत बसतं. जीएनएम तीन वर्षांचं, ते बसत नाही. ज्या नर्सचा पगार आधीच जास्त आहे तिला पगारी रजेवर शिकता येतं आणि जिचा कमी आहे तिने तिसऱ्या वर्षी बिनपगारी राहावं किंवा नोकरी सोडावी, अशी ही व्यवस्था. खासगीतल्या एएनएमला तर ही निवडही नाही. रजा मागितली की दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी उभी असते.

याच फटीतून जबलपूरचा खरा आजार आत शिरला. या भागात एक शब्द सगळ्यांना पाठ आहे: ‘नॉन-अटेंडिंग’. फी भरा, नाव नोंदवा, वर्गात यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या. ड्युटी सोडता न येणाऱ्या बाईला याहून सोयीचं काय असणार? मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं पीक आलं त्यामागे अशी अडलेली गिऱ्हाइकंही होती. 2022 मध्ये लॉ स्टुडंट्स असोसिएशनने जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. धड इमारत नसलेली कॉलेजं, रुग्णालयाशिवाय चालणारी कॉलेजं, एकच शिक्षिका अनेक ठिकाणी कागदोपत्री हजर. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षा थांबवल्या. तपास सीबीआयकडे गेला. 2024 च्या सुरुवातीला 308 कॉलेजांचा अहवाल आला: 169 योग्य, 74 मध्ये उणिवा, 65 अयोग्य. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीआयने आपल्याच एका निरीक्षकाला लाच घेताना पकडलं आणि ‘योग्य’ ठरलेल्या 169 कॉलेजांची न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा तपासणी करावी लागली.

ज्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाशी नर्सिंगची पदवी महाविद्यालयं जोडलेली होती त्याचं मुख्यालय जबलपूरलाच. जिथे दाद मागितली ते उच्च न्यायालयाचं मुख्य पीठही जबलपूरलाच. आणि ज्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या त्या मुली याच शहरात भाड्याच्या खोल्यांतून राहिल्या. एका गावात इतका विरोधाभास क्वचितच बघायला मिळतो.

कुणी म्हणेल, इतकं झाल्यावर आणखी एक ‘सोयीचा’ अभ्यासक्रम कशाला? फसवणुकीचं नवं दार उघडेल. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. अर्धवट शिकलेल्या नर्सच्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. पण नॉन-अटेंडिंग वाढलं ते सोय दिल्यामुळे की प्रामाणिक सोय न दिल्यामुळे? कॉलेजला हजेरी विकता आली, कारण नोकरी करणाऱ्या बाईला हजेरी परवडत नव्हती. तिला परवडेल अशी खरी हजेरी दिली तर खोटी विकत घ्यायचं तिला कारण उरत नाही.

इतर देशांनी याची उत्तरं शोधली आहेत आणि त्यात चुकाही केल्या आहेत. अमेरिकेत आपल्या एएनएमच्या जवळची म्हणता येईल अशी व्होकेशनल नर्स असते, बहुतेक राज्यांत तिला प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. तिला रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी पूल-अभ्यासक्रम जागोजागी आहेत, आधीच्या शिक्षणाचं श्रेय मिळतं आणि शेवटी सगळ्यांना एकच राष्ट्रीय परवाना-परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियाने त्याही पुढे जाऊन कायदाच केला: परवानाधारक व्होकेशनल नर्सने जास्तीत जास्त 30 युनिटांचा ठरावीक अभ्यास केला की तिला त्या परीक्षेला बसता येतं. मेख अशी की या वाटेने मिळालेला परवाना इतर राज्यं मानतीलच असं नाही. इंग्लंडमध्ये 2019 पासून ‘नर्सिंग असोसिएट’ अशी नोंदणीकृत पायरी आहे. तिला पूर्ण नर्स व्हायचं असेल तर आधीचं शिक्षण आणि अनुभव तपासून अभ्यासक्रमाचा निम्म्यापर्यंतचा भाग माफ होऊ शकतो.

कॅलिफोर्नियाची मेख गोरखपूरच्या मराठी सुनेला लगेच समजेल. तिचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या काउन्सिलचं, नोकरी मध्य प्रदेशात. तिकडून एनओसी आणा, इकडे नवी नोंदणी करा. सरकारी कॉलेजात शिकायचं म्हटलं की मूल निवासी दाखला पुढे येतो. माहेरच्या राज्यात ती आता राहत नाही, सासरच्या राज्यात ती अजून पुरती ‘मूळची’ नाही. एका राज्याने पूल बांधून भागणार नाही, तो देशाचा हवा.

मराठी समाजाने हे काम एकदा नीट केलेलं आहे. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बाया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवा होत्या, घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या होत्या. रमाबाईंना कळलं होतं की अशा बाईला शिकवायचं तर नुसता वर्ग काढून चालत नाही. तिची राहायची सोय, तिच्या पोटाची सोय आणि तिच्यामागे उभी राहील अशी संस्था लागते. शिकवणारं रुग्णालयही खरं लागतं, पाटीपुरतं नव्हे.

तेव्हा मागणी सरळ आहे. काउन्सिलकडे नोंद असलेल्या, पाच वर्षं काम केलेल्या एएनएमसाठी दोन वर्षांचा पूल-अभ्यासक्रम हवा, म्हणजे तो 24 महिन्यांच्या रजेत बसेल. प्रवेशाआधी हाताने करून दाखवायची परीक्षा घ्या. एल्गिनच्या लेबर रूममध्ये उभं करा, बाळंतपण करवून घ्या, जे येतं ते सोडा आणि जे येत नाही ते शिकवा. मेडिकल-सर्जिकल आणि मानसिक आरोग्याचा एक तासही कापू नका. प्रात्यक्षिक फक्त सरकारी रुग्णालयात, हजेरी तिथल्या वॉर्डाच्या वहीत. शेवटची परीक्षा जीएनएमच्या मुलींबरोबर एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर. खासगी रुग्णालयातल्या सिस्टरसाठी दोन वर्षांचं विद्यावेतन असावं आणि त्या बदल्यात तिने तितकीच वर्षं जिल्हा रुग्णालयात काम करावं.

1947 च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. नव्या आयोगाचे अभ्यासक्रम आणि नोंदणीचे नियम लिहिले जातील तेव्हा जुन्या नियमातली वयाची सवलत त्यांत येईलच, ती उतरवून घेणं सोपं आहे. त्याखाली एएनएमच्या अनुभवाचं एक कलम घालायचं की नाही, हे मात्र ठरवावं लागेल. जबलपूरने यासाठी पहिल्या 30 जणींची तुकडी मागावी. विद्यापीठ इथेच आहे, रुग्णालयं इथेच आहेत आणि नॉन-अटेंडिंगचे चटके या शहराइतके कुणी सोसलेले नाहीत.

– रेवाकाठचा